१५ टक्के आयात शुल्क वाचवायला चीनमध्ये कारखाना? पोर्शेचं गणित नक्की कसं मांडायचं

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. आलिशान गाड्यांच्या धंद्यावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांनी चीनमध्येच कारखाने टाकले म्हणून त्या टिकल्या, पोर्शे युरोपातून गाड्या नेऊन विकते म्हणून आपटली. पोर्शेचे आकडे वाईट आहेत हे खरं. चीनमध्ये २०२१ साली ९५,६७१ गाड्या दिल्या, २०२४ साली ५६,८८७. तीन वर्षांत चाळीस टक्के गळाले.

पण चीनचं गाडीवरचं आयात शुल्क १ जुलै २०१८ पासून २५ वरून १५ टक्क्यांवर आलंय. आपल्याकडे अख्खी गाडी आणायची तर ७० ते ११० टक्के मोजावे लागतात, म्हणून अजिंठ्याचा घाट चढून शेंद्र्याला ऑडी जोडली जाते आणि चाकणला मर्सिडीज. ते समजतं. १५ टक्क्यांसाठी कोणी कारखाना टाकावा का? नक्की किती वाचतं, किती गाड्या खपल्या की पैसे वसूल होतात, आणि तिथे बनवायला गेलं की अडतं कुठे?

अजून एक. सुटे भाग स्थानिक घ्यायचे म्हणजे नेमकं काय करावं लागतं? आपल्या एमआयडीसीत चटईपासून ठिबकच्या नळीपर्यंत प्लास्टिकच प्लास्टिक, तरी भारी गाडीच्या आतल्या पार्टचं काम इथे फारसं दिसत नाही. दोन्हीचं उत्तर एकच असावं अशी शंका आहे.

घाटमाथा (चाळीसगाव)

आधी कर कसा बसतो ते बघू. भाडं-विमा धरून बंदरात ४,००,००० युआनला उतरलेली गाडी घ्या, इंजिन ३.० लिटर पेट्रोल. १५ टक्के आयात शुल्क ६०,०००, झाले ४,६०,०००. मग उपभोग कर, तिकडचा कन्झम्प्शन टॅक्स. तो इंजिनाच्या आकारावर बसतो: १.५ लिटरपर्यंत ३ टक्के, २.० पर्यंत ५, २.५ पर्यंत ९, ३.० पर्यंत १२, ४.० पर्यंत २५ आणि त्याच्या वर ४० टक्के. (एक लिटरच्या आतल्या गाड्यांना १ टक्का, पण त्या इथे कामाच्या नाहीत.) आपल्या गाडीला १२ टक्के म्हणजे ५५,२००, एकूण ५,१५,२००. त्यावर १३ टक्के व्हॅट धरला की गाडी पडते ५,८२,१७६ युआनला.

लोक घसरतात ते इथे. उपभोग कर आणि व्हॅट गाडी चीनमध्येच, शेनयांगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात बनली तरी लागतातच. कारखाना टाकून सुटतात ते फक्त ते ६०,०००, आणि तेही सगळे नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स यातलं बरंच बाहेरूनच येणार, आणि सुट्या भागांवर ६ टक्के शुल्क आहे. निम्मी किंमत आयात भागांची धरली तर २ लाखांवर १२,००० गेले. हातात उरले गाडीमागे ४८,०००.

म्हणून तिथे इंजिन लहान करण्याचा उपाय जोरात चालला. चीनमधल्या सी-क्लासला मर्सिडीजने १.५ लिटर टर्बो दिलं, बाकीच्यांची भिस्त २.० टर्बोवर. ३.० वरून २.० वर उतरलं की १२ चे ५ टक्के होतात आणि त्यासाठी एक वीटही रचावी लागत नाही.

महागड्या गाड्यांवर आणखी १० टक्के वेगळा कर आहे. डिसेंबर २०१६ पासून तो व्हॅट सोडून १३ लाख युआनच्या वरच्या गाड्यांना होता. २० जुलै २०२५ पासून ती रेषा ९ लाखांवर आणली आणि इलेक्ट्रिक गाड्याही त्यात ओढल्या. तोही देशी-विदेशी बघत नाही.

अवधान_शॉपफ्लोर (धुळे)

वरचे ४८,००० घेऊनच पुढे जातो.

शांघायच्या चिनच्याओ भागातला कॅडिलॅकचा कारखाना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाला. खर्च ८ अब्ज युआन, क्षमता वर्षाला १,६०,००० गाड्या. घसारा दहा वर्षांचा धरला तर वर्षाला ८० कोटी. पूर्ण क्षमतेने चालला तर गाडीमागे फक्त ५,००० युआन पडतात, म्हणजे ४८,००० च्या बचतीपुढे किरकोळ. तोच कारखाना वर्षाला १६,६६७ गाड्यांवर आला की सगळी बचत घसाऱ्यातच जिरते. व्याज, पगार आणि दर सहा-सात वर्षांनी नव्या मॉडेलच्या डाय-फिक्श्चरचा (साचे आणि पकडी) खर्च यात धरलेलाच नाही. तो धरला तर एका प्लॅटफॉर्मच्या (एकाच मूळ तळावरच्या) ३०-४० हजार गाड्या खात्रीने खपत नसतील तर पूर्ण कारखान्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

आता पोर्शेच्या त्या ५६,८८७ बघा. त्या सहा मॉडेलांत वाटलेल्या. ९११, ७१८ आणि टायकान स्टुटगार्टजवळच्या झुफेनहाउझेनमधून, मकान आणि पॅनामेरा लाइपझिगहून, कायेन स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाहून. बॉडी वेगळी, तळ वेगळा, वेल्डिंगची फिक्श्चर वेगळी. एका छपराखाली आणायचं म्हटलं तर एकाच लाइनवर इतक्या जातींच्या बॉडी चालवाव्या लागतील, आणि प्रत्येकीचा आकडा अपुरा.

मग अर्धवट जोडणी का नाही? पोर्शे ते करतेही. मलेशियात कुलीमला २०२२ पासून कायेन जोडते, युरोपाबाहेर पहिल्यांदाच. तिथे बाजार छोटा, पण अख्ख्या गाडीवरचा करांचा बोजा इतका की बोल्ट आवळण्यापुरती लाइनसुद्धा परवडते. रंगवलेली बॉडी पेटीतून आणायची, इंजिन आणि सस्पेन्शन खालून चढवायचं, सीट-काच बसवायची, चाकांचं अलाइनमेंट आणि ब्रेक रोलरवर तपासायचे. यात पेंट शॉप नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. शुल्क १५ टक्के असताना मात्र पेट्या भरणं, उघडणं, गहाळ-मोडक्या भागांचे विमानाने मागवलेले बदली नग यातच फायदा झिजतो.

पेंट शॉपचं दुखणं वेगळंच. आलिशान गाडीत अॅल्युमिनियम भरपूर. रंगाआधी गंजरोधक थर देणाऱ्या, स्टीलसाठी बांधलेल्या झिंक फॉस्फेटच्या टाकीत अशी मिश्र बॉडी बुडवली की अॅल्युमिनियम विरघळून द्रावण बिघडवतं. स्टीलवरचा थर विरळ येतो आणि पुढे तिथे गंज धरतो. उपाय म्हणजे द्रावणात फ्लोराइड सोडून अॅल्युमिनियम गाळाच्या रूपात खाली बसवायचं आणि तो गाळ सतत उपसायचा, नाहीतर झिर्कोनियमवाल्या पद्धतीवर जायचं. गाळणी कमी पडली तर बारीक कण बॉडीवर बसतात, त्यावर ई-कोट (विजेने चढवलेला पहिला थर) चढतो, आणि शेवटच्या लाइटिंग बोगद्यात बोनेटवर खडे दिसतात. मग घासा, पुन्हा मारा. दिवसाला ४०० बॉड्या चालल्या तर हा त्रास वाटला जातो. ४० चालल्या तर टाकी तेवढीच, भट्टी तेवढीच आणि गॅसचं बिलही जवळपास तेवढंच.

तापीकाठ

म्हणजे १५ टक्के आणि ५६ हजार या दोन आकड्यांत पोर्शेचं गणित बसत नाही. पण बीएमडब्ल्यूने २००३ साली कारखाना टाकला तेव्हा त्यांचाही खप फार नव्हता. त्यांना कसं परवडलं?

भुसावळ_यार्ड

त्या काळी नियम वेगळे होते भाऊ. शुल्क जास्त होतं, आणि १९९४ च्या धोरणाने परदेशी कंपनीला ५० टक्क्यांच्या वर वाटा बंद होता. आत यायचं तर चिनी भागीदार घेऊनच. ऑडी त्याआधीच, १९८८ पासून, चांगचुनला एफएडब्ल्यू या चिनी सरकारी कंपनीकडून ऑडी १०० जोडून घेत होती. आधी आलेल्यांना सरकारी गाड्यांची गिऱ्हाइकी मिळाली आणि त्यावर पुरवठादार उभे राहिले.

आणखी एक फास होता. २००५ च्या नियमाने गाडीच्या किमतीत आयात भाग ६० टक्के किंवा जास्त असले तर सुट्या भागांवर १० ऐवजी अख्ख्या गाडीचं २५ टक्के शुल्क लावायचे. म्हणजे पेट्या आणून जोडायची पळवाट बंद. युरोपीय संघ, अमेरिका आणि कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत गेले, डिसेंबर २००८ मध्ये अपिलातही चीन हरला आणि १ सप्टेंबर २००९ पासून नियम मागे घेतला. तोवर जर्मनांनी सीट, बंपर, वायरिंग, काच सगळं तिथेच बनवून घ्यायला सुरुवात केलेली. नियम गेला, पुरवठादार राहिले. आज जो नव्याने जाईल त्याला ती साखळी तयार मिळते, हा मुद्दा वरच्या हिशोबात आलेला नाही.

भागीदारीची किंमतही बघा. प्रवासी गाड्यांवरची मर्यादा १ जानेवारी २०२२ ला उठली आणि फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूने आपला वाटा ५० वरून ७५ टक्के केला. त्या २५ टक्क्यांसाठी मोजले २७.९ अब्ज युआन. वर आलेल्या कॅडिलॅकच्या कारखान्यासारखे तीन उभे राहिले असते. टेस्लाला हा भुर्दंड नाही. इलेक्ट्रिकसाठी मर्यादा २०१८ लाच उठलेली. ७ जानेवारी २०१९ ला शांघायला भूमिपूजन, ३० डिसेंबरला पहिल्या गाड्या बाहेर, आणि मालकी १०० टक्के.

स्थानिक बनवून बुडालेलेही आहेत, त्यांचं नाव या वादात कोणी काढत नाही. फ्रेंच डीएसने २०११ साली चांगआन या चिनी कंपनीबरोबर भागीदारी करून शेनझेनला कारखाना टाकला. खप झालाच नाही, शेवटी तो विकून बाहेर पडावं लागलं. होंडाच्या अॅक्युराने २०१६ पासून खास चीनसाठी सीडीएक्स बनवली, तीही गुंडाळली. दोघांकडे आयात शुल्काचा प्रश्नच नव्हता. बिल्ल्याला वजन नव्हतं.

टाटांच्या जग्वार लँड रोव्हरने मधला मार्ग धरला. चेरी या चिनी कंपनीबरोबर चांगशूला २०१४ मध्ये कारखाना उघडला, पण तिथे इव्होक, डिस्कव्हरी स्पोर्ट, लांबवलेली एक्सएफ अशी खालची आणि मधली मॉडेलं. रेंज रोव्हर आणि डिफेंडर बाहेरूनच. गंमत बघा, तीच रेंज रोव्हर २०२४ मध्ये पुण्यात जोडायला घेतली. ५४ वर्षांत पहिल्यांदा इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या बाहेर. किंमत १८ ते २२ टक्क्यांनी उतरली. चीनमध्ये १५ टक्क्यांसाठी जे केलं नाही ते इथे शंभरासाठी केलं. मर्सिडीजही बीजिंगला सी आणि ई बनवते, एस-क्लास जर्मनीतूनच नेते.

घाटमाथा

भुसावळकरांचं पटलं, पण एक बाजू सुटतेय. शुल्क आज १५ आहे, उद्याचं कोण सांगणार? जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर ४० टक्के लावले, मग १ जानेवारी २०१९ पासून जादाचे २५ स्थगित केले. बीएमडब्ल्यूची एक्स५ अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गहून यायची. कंपनीच्या पोटात गोळा आला असणार. २०२२ मध्ये त्यांनी लांब तळाची एक्स५ शेनयांगलाच बनवायला घेतली. तिथला कारखाना हा काही प्रमाणात विम्याचा हप्ताही असतो.

उलट्या बाजूनेही हाच सोटा बसतो. चीनमधल्या लाइनवरच्या गाड्या युरोपलाही पाठवायच्या, हे बीएमडब्ल्यूच्या इलेक्ट्रिक आयएक्स३ वर जमलं होतं. ऑक्टोबर २०२४ पासून युरोपने चिनी बनावटीच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर नेहमीच्या १० टक्क्यांवर जादा शुल्क चढवलं, बीएमडब्ल्यूसारख्या सहकार्य करणाऱ्यांना २०.७ टक्के. रिकामी लाइन भरायचा तो रस्ता महागला.

भुसावळ_यार्ड

आणि मूळ वाक्यच तपासा. तिथे बनवणारे टिकले? बीएमडब्ल्यू-मिनी चीनमध्ये २०२३ ला ८,२४,९३२ होत्या, २०२४ ला ७,१४,५३०. १३ टक्के खाली. ऑडी ११ टक्के, मर्सिडीज ७ टक्के खाली. पोर्शे २८ टक्के पडली, म्हणजे जास्त पडली हे कबूल, पण दुखणं सगळ्यांचं एकच. शाओमीची एसयू७ मार्च २०२४ मध्ये २,१५,९०० युआनपासून आली. तिचा स्क्रीन, आवाजावर चालणारी कामं, शहरात स्वतः वाट काढणं हे तिथल्या गिऱ्हाइकाला हवं असतं. त्यासाठी प्रेस शॉप (पत्रा दाबायचा विभाग) लागत नाही, तिथे बसलेले सॉफ्टवेअरवाले लागतात. नकाशाचं सर्वेक्षण परदेशी कंपनीला करता येत नाही, परवानाधारक चिनी कंपनीच लागते. गाडीने गोळा केलेली महत्त्वाची माहिती ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनुसार चीनमध्येच साठवावी लागते. म्हणजे वेल्डिंग जर्मनीत राहिलं तरी चालेल, संगणकाचं काम मात्र तिकडे हलवल्याशिवाय गत्यंतर नाही. ऑडीने हुआवेची प्रणाली घेतली, मर्सिडीज मोमेंटा या चिनी सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली, ते यासाठीच.

चटईनगरी (जळगाव एमआयडीसी)

प्लास्टिकचं विचारलंय म्हणून लिहितो. ठिबकची नळी आणि पीव्हीसी पाइप हे एक्स्ट्रूजन, म्हणजे वितळलेला माल सलग ओढून काढणं; दाराचं आतलं पॅनेल हे इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे तो साच्यात (मोल्डमध्ये) दाबून भरणं. मशीनच वेगळं. पण मशीन विकत मिळतं, अडतं ते मालावर.

दाराच्या पॅनेलला साधारणपणे पॉलीप्रॉपिलीनमध्ये रबर आणि २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेला कंपाउंड लागतो. तो थंड होताना सुमारे १ टक्का आकसतो. बिनटाल्कचं साधं पॉलीप्रॉपिलीन दीड ते दोन टक्के आकसतं. मोल्ड एका आकुंचनासाठीच कापलेला असतो. जर्मन कंपाउंडऐवजी स्थानिक कंपाउंड टाकला आणि आकुंचनात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तर ७०० मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये साडेतीन मिलिमीटर गेले. तिथे फट राखायची असते अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मग मोल्ड दुरुस्त करा किंवा कंपाउंडवाल्याला रडवा.

दुसरी भिंत वासाची. चीनमधल्या गिऱ्हाइकाला नव्या गाडीचा वास बिलकुल खपत नाही. आपल्याकडे लोक दार उघडून छाती भरून घेतात. तिथल्या २०११ च्या मार्गदर्शक मानकात केबिनच्या हवेत फॉर्मल्डिहाइड घनमीटरला ०.१० मिलिग्रॅम आणि बेंझीन ०.११ च्या आत हवं. पार्टची वेगळी चाचणी असते: जर्मन व्हीडीए २७० नुसार तुकडा बरणीत बंद करून ८० अंशांवर दोन तास तापवायचा, ६० ला आणायचा आणि निदान तिघांनी हुंगून १ ते ६ गुण द्यायचे. ३ च्या वर गेला की सहसा परत. चटईला चालणारा पुनर्वापराचा दाणा इथे पहिल्याच हुंगण्यात बाद, कारण त्यात आधीच्या वापराचे, जळक्या रंगाचे अंश राहतात आणि प्रत्येक लॉटचा मेल्ट फ्लो (वितळून वाहण्याचा वेग) वेगळा.

हे जमलं तर पीपीएपी, म्हणजे गाडी कंपनीकडून पार्ट मंजूर करून घेण्याची रीतसर प्रक्रिया. चालू मोल्डवर, चालू माणसांनी, सलग निदान ३०० नग काढायचे, महत्त्वाच्या मापांचा सीपीके (मापं मर्यादेत किती नेमाने येतात याचा आकडा) सुरुवातीला १.६७ च्या वर दाखवायचा, मापन यंत्राचा स्वतःचा दोष १० टक्क्यांच्या आत. रंग आणि कातड्यासारखी नक्षी जर्मनीहून आलेल्या मास्टर नमुन्याशी तीन वेगळ्या प्रकाशांखाली जुळवायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला काळा उन्हात हिरवट दिसतो, आणि शेजारचा पार्ट दुसऱ्या पुरवठादाराचा असतो. मोल्डपासून मंजुरीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. वर्षाला पाच हजार गाड्यांचा मोल्ड आणि पन्नास हजारांचा मोल्ड यांच्या किमतीत फार फरक नसतो, म्हणून छोट्या आकड्याला पुरवठादार हात लावत नाही. शंका बरोबर आहे तुमची.

पाचोरा_लेजर

सगळं छान चाललंय, पण घाटमाथा भाऊ, हाऊ हिशोब चुकना. चीनचा उपभोग कर किमतीच्या आत धरलेला असतो, वरून लावायचा नसतो. ४,६०,००० ला १२ टक्क्यांनी गुणायचं नाही, ०.८८ ने भागायचं. येतात ५,२२,७२७, म्हणजे कर ५५,२०० नाही, ६२,७२७. व्हॅट धरून गाडी ५,९०,६८२ ला पडते, तुमच्यापेक्षा साडेआठ हजारांनी महाग.

३.० लिटरला फरक छोटा दिसतो. चारच्या वरच्या व्ही८ ला बघा. ४,६०,००० भागिले ०.६० म्हणजे ७,६६,६६७. नावाला ४० टक्के, प्रत्यक्षात मूळ रकमेवर ६६.६७ टक्के. व्हॅटसकट ८,६६,३३३. आणि ४८,००० ची बचतही हिशोबात वाढते: आयात किमतीत वाचलेला एक युआन ३.० लिटरच्या गाडीत गिऱ्हाइकापर्यंत १.२८ युआन होऊन पोचतो, व्ही८ मध्ये १.८८. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या गाडीला तिथे बनवण्याचा फायदा नगामागे सगळ्यात जास्त, आणि खप सगळ्यात कमी. यावर गिऱ्हाईक १० टक्के खरेदी कर वेगळा भरतो, तो व्हॅट सोडून उरलेल्या किमतीवर.

घाटमाथा

मान्य. भागायचं होतं, गुणलं. वरचे आकडे पाचोरेकरांचे धरा.

तापीकाठ

आते समजनं. मग लेक्ससचं कोडं राहिलं. इतकी वर्षं जपानमधूनच नेऊन विकली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टोयोटाने शांघायच्या चिनशानला कारखाना जाहीर केला, वर्षाला सुरुवातीला एक लाख गाड्या. यांना १५ टक्क्यांत कसं जमतंय?

पाचोरा_लेजर

मालकी पूर्ण टोयोटाची, भागीदाराला वाटा नाही. बनणार फक्त इलेक्ट्रिक आणि त्यांच्या बॅटऱ्या, २०२७ नंतर. इंजिनच नाही, त्यामुळे ९ लाखांच्या खाली उपभोग कराची ओळच उडते. बॅटरीचे पुरवठादार शेजारीच, म्हणजे ६ टक्केवाले आयात भागही थोडे. वरचाच तक्ता घ्या, ०.८८ च्या जागी १ टाका, आयात भाग निम्म्याऐवजी एक पंचमांश धरा. ४८,००० चे ५५,२०० होतात.

अवधान_शॉपफ्लोर

आणि बॉडी एकाच प्लॅटफॉर्मची ठेवली, तर बचत ५५,२०० झाल्याने माझ्या १६,६६७ चाही आकडा खाली येतो. ८ अब्जांचाच कारखाना धरला तर १४,५०० च्या आसपास.